माँ ब्लाँचे शिखर आणि डॉ. होमी भाभा

— द्वितीय वर्ष कला

विमान वेळेवर सुटले आणि सुखरूप उतरले, तर त्याची बातमी होत नाही. मग चित्रपट कोठून होणार? विमानप्रवासावरचे गाजलेले जुने चित्रपट आठवून पाहावेत. ‘नो हायवे इन द स्काय’ (१९५१) या चित्रपटात एक विसरभोळा शास्त्रज्ञ आहे. विमानाच्या शेपटीचा धातू थकला आहे, ती मोडणार, असे तो जीव तोडून सांगतो. पण त्याचे कोणी ऐकत नाही. ‘द हाय अँड द मायटी’ (१९५४) मध्ये होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाचे इंजिन भर समुद्रावर बिघडते. ‘एअरपोर्ट’ (१९७०) मध्ये एक प्रवासीच बॉम्ब घेऊन चढतो. आपल्याकडच्या ‘उडन खटोला’ची (१९५५) कथासुद्धा विमान कोसळून नायक एका अनोळखी राज्यात जाऊन पडतो, येथूनच पुढे सरकते. प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायचा, तर विमान संकटात सापडलेच पाहिजे, असा जणू या चित्रपटांचा नियम आहे.

याच मालिकेत १९५६ सालचा ‘द माउंटन’ हा चित्रपट येतो. स्पेन्सर ट्रेसी या थोर नटाने त्यात काम केले आहे. आल्प्स पर्वतातल्या एका गावात दोन भाऊ राहतात. थोरला झॅकरी हा जुना, अनुभवी वाटाड्या. पण एका दुर्दैवी प्रसंगानंतर त्याने डोंगर चढणे सोडून दिले आहे. धाकटा ख्रिस गरिबीला कंटाळलेला आहे. कलकत्त्याहून येणारे एक विमान शिखरावर आदळते, तेव्हा मेलेल्या प्रवाशांचे पैसे आणि दागिने काढून आणावेत, असा विचार धाकट्याच्या मनात येतो. तो एकटा गेला तर परत येणार नाही, हे ओळखून थोरला नाइलाजाने त्याच्याबरोबर निघतो. वर एक भारतीय तरुणी जिवंत सापडते आणि तेथे दोघा भावांच्या वाटा वेगळ्या होतात. धाकट्याला लूट हवी असते. थोरला त्या परक्या मुलीला घेऊन खाली उतरतो.

हा चित्रपट आंरी त्रोया या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून काढला होता आणि त्या कादंबरीला प्रेरणा मिळाली होती ती एका खऱ्या अपघाताची. तो अपघात आपल्या मुंबईहून निघालेल्या विमानाचा होता. आणि ज्या पर्वतावर तो झाला, त्याच पर्वतावर पुढे पंधरा वर्षांनी आपल्या देशाचा एक फार मोठा माणूस हरपला. त्या माणसाचे चरित्र सांगावे, म्हणून हा लेख. ते म्हणजे कै. डॉ. होमी जहांगीर भाभा.

प्रथम तो पहिला अपघात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला चालले होते. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर माँ ब्लाँ नावाचा पर्वत आहे. त्याची उंची सुमारे ४८०० मीटर. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट. वादळी हवेत विमान या पर्वताच्या माथ्याजवळ आदळले. विमानात ८ कर्मचारी व ४० प्रवासी होते. प्रवाशांपैकी बहुतेक जण बोटीवर कामाला निघालेले भारतीय खलाशी होते. सहवैमानिक कोरगावकर नावाचे आपले मराठी गृहस्थ होते. कोणीही वाचले नाही. कोणी वाचले असेल तर त्याला आणावे म्हणून पायथ्याच्या शामोनी गावातले वाटाडे बर्फातून वर निघाले आणि त्यांच्यातील रने पायो या वाटाड्याने त्या बर्फात प्राण गमावले. त्याचे त्या खलाशांशी काय नाते होते? भाषा वेगळी, देश वेगळा, वर्ण वेगळा. आपल्या खंबाटकी घाटात एखादी गाडी उलटली की आसपासच्या गावांतली माणसे हातातले काम टाकून धावत जातात. गाडीत कोण आहे, हे ती आधी विचारत नाहीत. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांचा हा धर्म सगळीकडे सारखाच असावा.

‘द माउंटन’ ज्या १९५६ साली पडद्यावर आला, त्याच साली ४ ऑगस्टला मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे एका पाण्याच्या हौदात निळा प्रकाश उजळला. ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली होती. सोव्हिएत रशिया सोडल्यास साऱ्या आशिया खंडातली ती पहिली. ती उभारणाऱ्या माणसाचे वय तेव्हा ४६ वर्षांचे होते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू व सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. आजोबा हर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. वडील जहांगीर हे परदेशात शिकलेले वकील. आईचे नाव मेहेरबाई. आत्याचेही नाव मेहेरबाईच; त्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात भरपूर पुस्तके, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका, भिंतींवर चित्रे. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे शिक्षण घेऊन वयाच्या अठराव्या वर्षी, १९२७ साली, होमी केंब्रिजला गेले.

हे सारे वाचताना आपल्यासारख्यांना थोडे दूरचे वाटते, हे मान्य केले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या घरात पुस्तके म्हणजे भावंडांची पाठ्यपुस्तके आणि एक पंचांग. परंतु पुढचा प्रसंग वाचला आणि ते अंतर एकदम कमी झाले. होमींनी यंत्र अभियांत्रिकी शिकावी व परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात नोकरी धरावी, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. त्यांनी वडिलांना तसे पत्राने स्पष्ट कळवले. वडिलांनी नकार दिला नाही आणि एकदम होकारही दिला नाही. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवून दाखव, मग गणितासाठी आणखी खर्च करीन, असा तोडगा त्यांनी काढला. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळवला आणि वडिलांनी शब्द पाळला. घर श्रीमंत असो वा गरीब, तू काय शिकणार आणि त्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न सगळ्याच घरांत विचारला जातो. डी.एड. का केले नाहीस, कंपनीत का लागली नाहीस, हे प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले आहेत. होमींनी त्या प्रश्नाला भांडून उत्तर दिले नाही, आणि त्यापुढे मान तुकवून स्वतःचा ओढाही सोडला नाही. वडिलांनी घातलेली अट त्यांनी पुरी करून दाखवली.

नंतरची काही वर्षे त्यांनी युरोपात काढली. ते दिवस पदार्थविज्ञानाच्या भरभराटीचे होते. डिरॅक, बोर, पाउली, फर्मी यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना लाभला. त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता विश्वकिरण. हे किरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीकडे अखंड येणारे अतिवेगवान कण. असा एक कण वातावरणात शिरला की हवेतल्या अणूंवर आदळतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुन्हा आदळतात, आणि एका ठिणगीतून फुलबाजी फुटावी तसा कणांचा वर्षाव खाली येतो. हा वर्षाव कसा घडतो, याचे गणित भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे भाभांनी मांडलेले गणित तर आजही जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ या नावाने शिकवले जाते.

१९३९ साली ते सुटीसाठी मुंबईला आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. एखाद्याने ही वर्षे वाया गेली म्हणून हळहळ केली असती. भाभा बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांच्याकडे रुजू झाले. विश्वकिरणांचा अभ्यास करायचा तर उपकरणे जितकी उंच नेता येतील तितकी न्यावी लागतात. त्यासाठी त्यांनी बंगलोरच्या आकाशात विमानांतून उपकरणे नेऊन मोजमापे घेतली. पुढे त्यांच्या संस्थेने मोठे फुगे सोडण्याचे तंत्र तयार केले. आकाशाशी या माणसाचे नाते असे फार जुने होते. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

युद्ध संपल्यावर केंब्रिजचे दार पुन्हा उघडणार होते. परंतु तोवर त्यांच्या मनाने निराळा कौल दिला होता. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या प्रमुखांना एक पत्र लिहिले. मूलभूत संशोधनासाठी आपल्या देशात एक उत्तम संस्था असावी. काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहण्याची वेळ येऊ नये, असा त्याचा आशय होता. पत्राची तारीख पाहावी. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून अधिक काळ होता, आणि देशाच्या स्वातंत्र्याला तीन वर्षे.

१९४५ च्या जूनमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर मुंबईला आली. तिची पहिली जागा म्हणजे पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ या बंगल्याचा एक भाग. तो भाभांच्या नात्यातलाच बंगला होता. पुढे ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याला समुद्रकाठी तिच्या स्वतःच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. आधी इमारत आणि मग माणसे, असे भाभांनी केले नाही. आधी माणूस शोधायचा, त्याच्या आवडीचे काम त्याला द्यायचे, आणि मग त्याच्याभोवती संस्था वाढू द्यायची, ही त्यांची रीत होती. अणुऊर्जा आयोग १९४८ साली स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ पासून ट्रॉम्बेला अणुशक्ती केंद्राची उभारणी सुरू झाली. १९५६ साली ‘अप्सरा’, १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने ‘सायरस’ आणि १९६४ साली आपल्याच अभियंत्यांनी बांधलेला प्लुटोनियमचा कारखाना. १९५७ साली तेथे प्रशिक्षण शाळा उघडली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या पदवीधरांना तेथे शिक्षण मिळू लागले. तारापूरच्या वीज केंद्राची बोलणीही त्यांच्याच हयातीत पुरी झाली.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. अणुभट्टीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. भाभा स्वतः उत्तम चित्रकार होते. त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे आजही पाहायला मिळतात. संगीताचे त्यांना वेड होते. कुलाब्याच्या संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेतली. दर्शनी भागातले भव्य भित्तिचित्र एम. एफ. हुसेन यांचे आहे. रस्त्याच्या किंवा इमारतीच्या आड येणारे झाड तोडू न देता मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याची त्यांची धडपड असे. विज्ञान आणि कला या दोन शाखा आहेत, हे महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर ठीक आहे. भाभांच्या घरात त्यांच्यामध्ये भिंत नव्हती.

ऑगस्ट १९५५ मध्ये अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदी एका भारतीयाची, म्हणजे डॉ. भाभांची निवड झाली. परिषदेचे गाव होते जिनिव्हा. ज्या विमानतळावर ‘मलबार प्रिन्सेस’ पोहोचू शकले नव्हते, तोच हा. सुमारे साडेदहा वर्षांनी भाभा पुन्हा त्याच गावी उतरणार होते.

२४ जानेवारी १९६६. व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची बैठक होती. तिला जाण्यासाठी भाभा एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग ७०७ विमानात बसले होते. मुंबई, दिल्ली, बैरुत असा प्रवास झाला. पुढचा थांबा जिनिव्हा. सकाळी आठच्या सुमारास विमान माँ ब्लाँच्या माथ्याजवळ आदळले. विमानातले १०६ प्रवासी व ११ कर्मचारी, एकूण ११७ जण मृत्यू पावले. प्रवाशांत या वेळीही अनेक भारतीय खलाशी होते. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आणि बोटीवर रुजू होण्यास निघालेले खलाशी एकाच बर्फात एकाच क्षणी गेले. त्याच दिवशी दिल्लीत श्रीमती इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. भाभांचे वय ५६ होते.

अवघ्या तेरा दिवसांपूर्वी, ११ जानेवारीला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचे ताश्कंदला निधन झाले होते. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी अणुचाचणी केली होती आणि भारतही मनात आणले तर असे अस्त्र बनवू शकेल, असे भाभांनी जाहीरपणे म्हटले होते. या साऱ्याची सांगड घालून विमानात घातपात झाला, परकीय हेरांचे हे काम, अशी कुजबुज तेव्हापासून आजतागायत चालू आहे. चित्रपटाला असा खलनायक फार सोयीचा असतो. मोठ्या माणसाचा मृत्यू लहान कारणाने व्हावा, हे आपल्या मनाला पटत नाही. म्हणून आपण त्याला शोभेल असे मोठे कारण शोधतो. पण घातपात कोणत्याही चौकशीत सिद्ध झालेला नाही.

फ्रान्समधील चौकशीतून जे सर्वांत संभवनीय कारण पुढे आले, ते असे. विमान बैरुतहून निघतानाच त्यातील दिशा दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते, आणि वैमानिकाला ते ठाऊक होते. त्यामुळे आपण माँ ब्लाँपासून नेमके कोठे आहोत, याचा त्याचा अंदाज चुकला. त्याने तो अंदाज जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवला. नियंत्रकाने रडारवर पाहिले. विमानाची खरी जागा त्याला बरोबर दिसली. शिखर अजून पाच मैल पुढे आहे, हे वैमानिकाच्या लक्षात यावे म्हणून त्याने संदेशही दिला. पण त्या संदेशाची शब्दरचना पुरेशी नेमकी नव्हती. ऐकणाऱ्याला वाटले, आपण शिखर ओलांडले. आणि तो विमान खाली आणू लागला.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. बॉम्ब नव्हता, शत्रू नव्हता. सांगणाऱ्याला खरे ठाऊक होते. त्याने ते सांगितलेही. ऐकणाऱ्यानेही ते ऐकले. तरी एका मनातला अर्थ दुसऱ्या मनात पोहोचला नाही. शब्द नेमका हवा, वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे, हे आपल्याला भाषेच्या तासाला सांगितले जाते आणि ते आपण गुणांपुरते ऐकतो. सारांशलेखनात एक शब्द ढिला पडला तर अर्धा गुण जातो. तेथे एक वाक्य ढिले पडले आणि ११७ माणसे गेली. भाषा हा सोपा विषय, विज्ञान अवघड, असे म्हणणाऱ्यांना माँ ब्लाँचे शिखर दाखवावे असे मला वाटते.

डोंगराने जे घेतले, ते तो फार सावकाश परत करीत आहे. माँ ब्लाँच्या उतारावर बॉसाँ नावाची हिमनदी आहे. तिचा बर्फ वरून खाली हळूहळू सरकतो आणि अनेक दशकांपूर्वी गाडले गेलेले सामान पायथ्याकडे वर येते. २०१२ साली ‘कांचनजंगा’मधली भारत सरकारच्या टपालाची एक थैली सापडली. २०२० साली जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे सापडली. ती वाळवल्यावर इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या वाचता येत होत्या. ज्या विमानातून ती वृत्तपत्रे निघाली होती, त्यातल्या प्रवाशांना त्यांचा शपथविधी ऐकायला मिळाला नाही.

२०१३ सालची गोष्ट तर चित्रपटाला शोभेल अशी आहे. एका तरुण गिर्यारोहकाला त्या बर्फात धातूची एक पेटी सापडली. तिच्यात पाचू, नीलम, माणिक अशी लाखो रुपयांची रत्ने होती. आजूबाजूला कोणी नव्हते. ‘द माउंटन’मधला धाकटा भाऊ अशाच धनासाठी वर चढला होता. या तरुणाने मात्र ती पेटी खाली आणून पोलिसांच्या स्वाधीन केली. मालकाचा वारस सापडला नाही, तेव्हा २०२१ साली ती रत्ने त्याला व शामोनी गावाला निम्मी निम्मी वाटून देण्यात आली. चित्रपटात थोरल्या भावाच्या वाट्याला आलेला चांगुलपणा या मुलाने प्रत्यक्षात दाखवला. रने पायोच्या गावाची आठवण ठेवायची ती अशीही.

आता प्रश्न उरतो तो भाभांच्या कामाचा. एका माणसाने उभे केलेले पुष्कळदा त्याच्याबरोबरच आडवे होते. येथे तसे झाले नाही. आयोगाची धुरा विक्रम साराभाईंनी, ट्रॉम्बेची होमी सेठना यांनी आणि टाटा संस्थेची एम. जी. के. मेनन यांनी घेतली. यांतले कोणी भाभांची नक्कल नव्हते. प्रत्येकाचे डोके स्वतंत्र होते. १९६७ च्या जानेवारीत ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. १९६९ साली तारापूरची वीज वाहू लागली. अणुशक्तीच्या बरेवाईटपणाविषयी मते वेगवेगळी असू शकतात, आणि असावीतही. पण ती मते मांडण्यासाठी लागणारे जाणकार आपल्याच देशात तयार होऊ लागले, याचे श्रेय भाभांना द्यावेच लागेल.

एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या काही तरुण भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतून काम करण्याची इच्छा पत्राने कळवली. भाभांनी त्यांना तारेने बोलावणे धाडले. गोविंद स्वरूप हे त्यांच्यापैकी एक. ते १९६३ साली टाटा संस्थेत आले. त्यांनी आधी उटीला आणि नंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ दुर्बीण उभारली. तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्या शेतांमधून आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. भाभांनी ही दुर्बीण पाहिली नाही. त्यांनी फक्त एक तार केली होती; तिचा मजकूर मात्र नेमका होता आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचला.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, ही दुर्बीण सर्वांना पाहण्यासाठी खुली केली जाते. आजूबाजूच्या खेड्यांतली शाळकरी मुले तेथे आपापले प्रयोग मांडतात. शिरवळहून पुणे ओलांडून एका दिवसात जाऊन येण्यासारखे हे ठिकाण आहे. सहलीचा विषय निघाला की कला शाखेची मुले नेहमी गड आणि देवस्थाने सुचवतात, आणि तीही पाहायला हवीतच. पुढच्या वर्षी मात्र एक गाडी खोडदला जावी, अशी माझी प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती आहे. विज्ञान शाखा असलेल्या महाविद्यालयांच्या गाड्या तेथे येतीलच. आपलीही एक असू द्यावी.